अठरावी शाळा

फेलिसा नोब्लेसादाला एका जागी बसवत नसे. खुर्चीत टेकली रे टेकली की उजवी टाच हलायला लागायची, बोटं टेबलावर ताल धरायची, आणि शेजारचा माणूस वैतागून उठून जायचा. आणि गंमत बघा, इलोइलो शहरातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेनं तिला अकरा वर्षं नेमकं बसायचंच काम दिलं होतं.

अधिवेशन भरलं की हॉटेलच्या सभागृहाच्या दाराबाहेर एक टेबल मांडलं जाई आणि त्यामागे फेलिसा. आलेल्याला नावाची चिठ्ठी द्या, पिशवी द्या, जेवणाचं कुपन द्या, आणि मुख्य म्हणजे हजेरीचा कागद सांभाळा. परवाना पुन्हा करून घ्यायचा तर प्रशिक्षणाचे गुण लागतात, आणि गुण मिळायचे तर त्या कागदावर दोन सह्या लागतात. एक आल्याची, एक गेल्याची. पुरुष सही करून आत जात, बायका बाहेर पिशव्या वाटत. असं कुणी ठरवलं नव्हतं हो, पण दरवर्षी होत तेच होतं. "आमची फेलिसा असली की जेवण कधी कमी पडत नाही!" असं अध्यक्ष माईकवरून म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. टाळ्या कसल्या डोंबलाच्या! चौदा वर्षं तिनं इमारतींची गणितं केली होती, जेवणाची नाही.

ऑफिसातही तीच तऱ्हा. गणित फेलिसाचं, नकाशावर शिक्का एर्नानी मोन्देहार सरांचा. सर वाईट म्हणावेत तर तेही नाही. तिचे वडील गेले तेव्हा नऊ दिवस प्रार्थनेला आले होते, शेवटच्या दिवशी खुर्च्या स्वतः उचलून ट्रकमध्ये भरल्या होत्या. काम शिकवलं तेही त्यांनीच. पण शिक्क्याचा विषय निघाला की तिला लाडानं इंदाय, म्हणजे पोरी, अशी हाक मारून म्हणायचे, "शिक्का मारला की त्या इमारतीशी पंधरा वर्षं लग्न लागतं, इंदाय. पडली तर जबाब आपण द्यायचा. तुला कशाला हवाय तो ताप? मी आहे ना." म्हणून फेलिसाचा स्वतःचा शिक्का पावाच्या कागदी पिशवीत गुंडाळून खालच्या खणात पडला होता. परवाना मिळाला तेव्हा हौसेनं करून घेतलेला. कागदावर नाव उठवणारा, हातानं दाबायचा, चांगला जड. एकदाही दाबलेला नाही.

गेल्या वर्षी भूकंप झाला. मोठा नव्हता, पण भिंतींना भेगा पाडून गेला. त्यानंतर दोन महिने फेलिसा भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून खेडोपाडीच्या शाळा बघत फिरली. सोबत मानोंग इसिंग, म्हणजे इसिंगदादा, सळया बांधण्यात चाळीस वर्षं घालवून घरी बसलेला म्हातारा. शाळेच्या कॉलमला खाली थोडं फोडायचं आणि आतल्या रिंगा बघायच्या, एवढंच काम. कॉलमच्या उभ्या सळयांना या रिंगा कवटाळून धरतात. रिंगेचं टोक आत, काँक्रीटच्या पोटात वळलेलं हवं. नुसतं काटकोनात मोडून सोडलं तर मोठ्या धक्क्यात रिंग उघडते आणि कॉलम बसतो. अठरा शाळा पाहिल्या. अठराच्या अठरा ठिकाणी टोकं काटकोनात. नकाशे मात्र सगळीकडे बरोबर!

अठरावी शाळा होती तालिसोंगची. तिथला कॉलम फोडला आणि फेलिसाची टाच हलायची थांबली.

"ही आपली आहे, मानोंग," ती म्हणाली.

इसिंगनं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "आठवतंय मला. हसलो होतो मी."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. फेलिसा तशी नवीच, नोकरीत दोन वर्षं झालेली, तपासणीला एकटी गेलेली. हे टोक चुकलंय असं म्हणाली, तेव्हा हाच इसिंग सळयांवर बसल्या बसल्या म्हणाला होता, "मॅम, तुम्ही कधी रिंग वाकवलीय का हो?" अख्खी साइट खदाखदा हसली होती. फेलिसाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या आणि तिनं कागदावर बरोबरची खूण करून टाकली. लाजेपोटी! दुसरं काही कारण नाही. त्या खुणेच्या भरवशावर सरांनी शिक्का मारला. आणि आता त्या इमारतीत दोनशे मुलं पाढे म्हणत होती.

परत आल्यावर तिनं सगळं लिहून काढलं, फोटो लावले, अठराही शाळांची यादी जोडली. सरांनी निबंध वाचला, शाबासकी दिली आणि म्हणाले, "उत्तम झालाय. अधिवेशनात मी वाचतो. फक्त सतरा ठेवू."

"अठरा आहेत, सर."

"अठरावीचं आपण शांतपणे बघू. लोकांसमोर कशाला? तुझंही नाव खराब होईल."

तुझंही, म्हणे! शांतपणे बघू याला आता सात महिने झाले होते. शांतपणा कसला, फेलिसाचं जेवणात लक्ष नव्हतं, झोपेत टाच हलत होती. मधे दोनदा जमीन हलली, अगदी हलकी, दोन्ही वेळा ती ऑफिसातून तालिसोंगला फोन लावत सुटली.

यंदा संघटनेत एक नवी समिती निघाली होती, स्त्रियांना पुढे आणायची. समितीची प्रमुख जोव्हेलिन, वय अठ्ठावीस, उत्साहाचा नुसता धबधबा. तिनं भांडून भांडून अधिवेशनात एक तास मिळवला होता. वेळ मिळाली दुपारी दोनची, म्हणजे जेवणानंतर सगळे पसार होतात ती. बोलायला फेलिसा. गळ्यात घालायला गुलाबी पट्टा.

"मानांग, पट्टा माझी कल्पना नाही हं," जोव्हेलिन आधीच म्हणाली. मानांग म्हणजे ताई.

"मग दे तो केकला बांधायला," फेलिसा म्हणाली आणि टेबलामागे जाऊन बसली.

सकाळी सरांनी निबंध वाचला. फेलिसा दारातून ऐकत होती. तिची वाक्यं, तिचे फोटो, आणि यादी सतरावर संपली.  टाळ्या पडल्या. मग अँटिकेहून आलेले एक म्हातारे इंजिनिअर उठले.

"नकाशा बरोबर आणि काम सतरा ठिकाणी चूक, हे कसं काय बुवा? कामगार मुद्दाम करतात का?"

सर पाणी प्यायले. उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, कारण कॉलम फोडायला ते गेलेच नव्हते. मग त्यांनी नेहमीचं केलं. दाराकडे बघून हसले. "आमची फेलिसा सांगेल. सांग गं, इंदाय, तिथूनच सांग."

तीनशे माना वळल्या. फेलिसाच्या हातात जेवणाच्या कुपनांचा गठ्ठा. उत्तर जिभेवर होतं. पण तिथून दिलं असतं तर तेही सरांच्याच खात्यात गेलं असतं, आणि यादी सतरावरच राहिली असती.

"दोन वाजता सांगते, सर," ती म्हणाली. "माझ्या तासाला."

लोक हसले. दोन वाजता कोण थांबतंय! त्या संघटनेची रीतच होती, जेवायला उठताना गेल्याचीही सही करून टाकायची आणि संध्याकाळचे गुण खिशात घालून घरी जायचं. अकरा वर्षं कागद टेबलावर ठेवून फेलिसा दुसरीकडे बघत आली होती.

यंदा तिनं कागद उचलला आणि काखोटीला मारला.

"मानांग, लोक चिडतील!" जोव्हेलिन घाबरली.

"चिडू देत. सही दोनच्या तासानंतर, स्टेजवर." मग तिनं इसिंगला फोन लावला. "मानोंग, चार सळया, थोड्या रिंगा आणि वाकवायची चावी घेऊन या. आत्ता."

"समोर बाचोयचं सूप आहे माझ्या, गरम!"

"डब्यात घालून आणा."

दोनला सभागृह गच्च भरलं. तोंडं फुगलेली, पोटं भरलेली. बाहेरच्या टेबलावरच्या बायकाही आत येऊन मागे उभ्या राहिल्या. जोव्हेलिननं कागदावरचा पहिला प्रश्न वाचला, "घर आणि काम यांचा मेळ कसा घालता?"

"घरी आई आणि एक मांजर आहे. दोघींचंही माझ्याशी पटत नाही," फेलिसा म्हणाली. "आता सकाळचा प्रश्न घेऊ."

इसिंगनं लाकडी पायात चार सळया उभ्या केल्या. फेलिसानं पहिल्या रांगेत बसलेल्या संघटनेच्या माजी अध्यक्षांनाच वर बोलावलं. एक रिंग दिली, दोन्ही टोकं नकाशात दाखवतात तशी आत वळलेली. "घाला सळयांभोवती." घालता येईना, टोकं अडकत होती. मग टोकं उघडी असलेली रिंग दिली. ती झटकन बसली. "आता टोक आत वळवा." माजी अध्यक्षांनी चावी लावली, कोपर मारलं, कोट काढला, पुन्हा कोपर मारलं. शेजारची सळई चावी फिरूच देईना. टोक काटकोनापुढे तसूभर गेलं नाही.

"बघितलंत?" फेलिसा म्हणाली. "मुद्दाम कुणी करत नाही. सळया आधी उभ्या केल्या की नंतर हात घालायला जागाच नसते. आधी जमिनीवर रिंगा वळवायच्या, त्यांतून सळया घालायच्या, मग पिंजरा उभा करायचा. पण हे नकाशावर आपण लिहीत नाही, कारण आपल्यापैकी कुणी रिंग वाकवलेलीच नाही. मीसुद्धा वाकवली नव्हती."

कुणी हसलं नाही. लोक वह्या काढून लिहायला लागले. इथेच थांबली असती तर टाळ्या पडल्या असत्या, गुलाबी पट्ट्यासकट. तिला तसं वाटलंही, खोटं कशाला बोला. टाच स्टेजवर वाजत होती आणि माईकमधून ते ऐकू जात होतं. दुसऱ्या रांगेत मोन्देहार सर तिच्याकडे बघून अगदी हलकेच मान हलवत होते. नको.

"आणि शाळा सतरा नाहीत," ती म्हणाली. "अठरा आहेत. अठरावी तालिसोंगची. तपासणी मी केली होती. टोक चुकलंय हे मला दिसलं होतं आणि तरी बरोबरची खूण केली, कारण माझ्यावर कुणी हसलं."

"मी हसलो होतो," इसिंग बाजूनं म्हणाला, माईक नसताना, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

टाळ्या पडल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या, लोक एकेक करून स्टेजवर आले, सही करून खाली उतरले. काहींनी नजर चुकवली, अँटिकेच्या म्हाताऱ्यानं तिचा हात दाबला. सर सगळ्यांत शेवटी आले.

"त्यावर शिक्का माझा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तुम्ही सतरा म्हणालात."

त्यांनी सही केली, पेन नीट टोपण लावून परत दिलं आणि गेले.

सोमवारी फेलिसा ऑफिसात आली ती खुर्ची शिल्लक असेल की नाही हे न कळता. खुर्ची होती. तिनं शाळा खात्याला पत्र लिहिलं, तालिसोंगची इमारत आजच रिकामी करा, कॉलम मजबूत होईपर्यंत एकही वर्ग भरवू नका. नुसत्या पत्राला खात्यात कोण विचारतंय? अभियंत्याचा शिक्का लागतो. तिनं पत्र सरांपुढे ठेवलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. रविवारभर झोपले नसावेत, डोळे लाल होते.

"मी नाही मारणार," ते म्हणाले आणि पत्र परत सरकवलं. "माझ्यानं होणार नाही."

फेलिसानं खालचा खण उघडला. पावाची पिशवी फाटून हातात आली. चौदा वर्षांत शिक्क्याची मूठ गंजून गेली होती, दाबता दाबेना. दोन्ही हात लावून ती उभी राहिली, सगळं अंग त्यावर टाकलं. टेबल करकरलं.

"खाली जाड फाइल घे," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "कागद फाटेल."

तिनं फाइल घेतली. शिक्का कट्ट करून बसला. फेलिसानं कागदावरून बोट फिरवलं. नाव लागत होतं बोटाला, स्वतःचं, पहिल्यांदाच, आणि तेही स्वतःच्याच चुकीखाली. तिला रडू आलं, पण रडायला वेळ कुठे होता! साडेनऊ वाजले होते. तालिसोंगला वर्ग भरले असणार. पत्र पोस्टानं गेलं तर चार दिवस लागतील. तिनं दुसऱ्या प्रतीवरही शिक्का दाबला. एक प्रत खात्यात पोचवायला जोव्हेलिनकडे धाडा अशी चिठ्ठी टेबलावर ठेवून, दुसरी स्वतःच तालिसोंगला न्यायला छातीशी धरून ती जिन्यानंच खाली निघाली. लिफ्टची वाट बघायला ती थांबली नाही.