अण्णांच्या पोटातली जाळी

हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. खडकीच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. गेल्या वर्षी कुंडी उचलताना बेंबीजवळ हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, जाळी बसवू. जाळी! आमच्या यच्चयावत खिडक्यांना अण्णांनीच जाळ्या ठोकल्यात. ते ताडकन म्हणाले, "लोखंडाची गंजते, प्लॅस्टिकची तडकते. पोटात कशी टिकेल? नुसते टाके घाला, नाहीतर राहू द्या."

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं — नुसते टाके ताणाने सुटू शकतात. जाळीच्या भोकांतून आपलंच मांस वाढतं, म्हणून जागा पक्की होते. काहींना मात्र तिथे महिनोन्‌महिने कडक लागतं, ओढल्यासारखं होतं. मला पटलं. अण्णांना पटवायला नको होतं का? पण त्यांच्याशी वाद घालायचा धीर कुठला! डॉक्टरांना सांगितलं, अण्णा तयार आहेत. अण्णांना सांगितलं, टाकेच घालणार आहेत. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली — चष्मासुद्धा न लावता. सून सांगतेय ना, मग झालं.

एवढ्यावर थांबले असते तर — पण नाही. ऑपरेशन झालं, जाळी बसली, जखमही छान भरली. विश्रांतवाडीच्या नणंदेला ते फोनवर ऐटीत सांगायचे, "जाळीबिळी काही नाही हं, अस्सल माल आहे." मी हसायचे. फार आवडतात हो मला ते. माझी बिघडलेली आमटीसुद्धा "झकास" म्हणत ओरपतात.

मग एकदा म्हणाले, "अगं, वाकलं की आत काहीतरी ओढतंय." मला लगेच कळलं. डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. पण तिथे जाळीचा विषय निघाला असता — मग? मी म्हटलं, "काही नाही हो अण्णा, मनाचे खेळ आहेत." दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. नणंदेला सांगताना मात्र ऐकलं — "आता मनही म्हातारं झालं बघ."

हल्ली ते पोटावर हात दाबून बसलेले असतात. मी आले की पटकन हात काढतात, ओशाळं हसतात. त्यांचं दुखणं खरं आहे आणि ते मला माहीत आहे. आज सकाळीही मी त्यांच्या हातात चहा दिला आणि आमटीला फोडणी घालायला आत गेले.