अक्कांची डावी वळणं

मी असं काही लिहायला बसलोय हे सुमनअक्कांना कळलं तर त्या हसतील. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि प्रोजेक्टच्या रिपोर्टपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. तरीही एका माणसाचं चित्र काढायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. यात आदरापेक्षा वैताग जास्त दिसेल. पण एक अख्खा हिवाळा ज्यांनी मला फक्त डावीकडे वळवलं, त्यांच्याबद्दल दुसरं काय लिहिणार?

अक्का मूळच्या आमच्या निपाणीकडच्या. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या कपड्यांच्या एका कारखान्यात त्या चेकिंगच्या टेबलावर होत्या. मी तिथेच इंटर्नशिपला लागलो आणि त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहू लागलो. आईने फोनवर बजावलं, "अक्का एकट्या असत्यात. सोबत जात जा, सोबत येत जा." अक्का सायकलने जायच्या. त्यांच्या भावाची जुनी सायकल मला मिळाली. दोन्ही बिनगिअरच्या. मी कुरकुरलो तर म्हणाल्या, "गिअर नसंना. गुडघं हाईत की!"

त्या वर्षी हिवाळा कोरडा गेलाच नाही. तिकडे चेन्नईच्या समुद्रात काही घडलं की इथे चार-चार दिवस आभाळ गळायचं. पहिल्याच सकाळी मोठ्या सिग्नलला उजवीकडे वळताना मागून लॉरीने हॉर्न दिला. ओल्या रस्त्यावर माझं चाक सरकलं आणि मी दोन्ही पाय टेकून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. अक्का माघारी आल्या, माझं हँडल धरून मला कडेला घेतलं. म्हणाल्या, "उद्यापासनं डावीकडनं जाऊ. मला त्या लॉरीचं भ्या वाटतंय."

"भिऊ नका अक्का, मी आहे ना," मी म्हणालो.

"तू हाईस म्हणून तर!" म्हणाल्या आणि खूप हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सिग्नलच्या आधीच डावीकडे, मग तळ्याकाठच्या चिखलातून डावीकडे, मग चढ चढून पुन्हा डावीकडे. मी वाद घातला की उत्तर ठरलेलं, "तीनदा डावीकडं वळलं की उजवीकडंच जातंय की रे, दत्ता!" डोक्यावर अंबाड्यासकट बांधलेली प्लास्टिकची पिशवी, हँडलला लटकणारा डबा, आणि चढावर मागून हाक, "स्वल्प जोर लाव, लेका!" माझे बूट संक्रांतीपर्यंत वाळले नाहीत. थांबलो की त्या पर्समधून दोरे कापायची छोटी कात्री काढत आणि माझ्या कॉलरचा सुटलेला दोरा कापत. "आता पास," म्हणत.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण त्या हिवाळ्यात अक्कांच्या लाइनला नवी सुपरवायझर नेमायची होती. सगळ्यांना वाटत होतं अक्काच होणार. त्यांनाही वाटत होतं; खुर्चीवर टाकायला त्यांनी उशीचा अभ्रासुद्धा शिवून ठेवला होता. मॅनेजरची अट एकच, घंटेच्या आधी टेबलाशी हजर पाहिजे. आम्ही कधी घंटेबरोबर पोचायचो, कधी घंटेनंतर. मी विनवण्या केल्या, चिडलो, एकदा तर दिवसभर बोललो नाही. अक्का पिशवी झटकत म्हणायच्या, "सरी, बरं, उद्या लवकर निघू." लवकर निघालो की तळ्याकाठी पाणी भरलेलं असायचं.

शेवटी त्याच लाइनवरची, रोज वेळेवर येणारी शांता सुपरवायझर झाली. परत येताना मी पावसात ओरडलो, "एक उजवं वळण घेतलं असतं तर खुर्ची तुमची होती!" अक्कांनी आधी समोरचा खड्डा चुकवला. मग म्हणाल्या, "खुर्ची काय, लाकडाची असती. चल, डावीकडं घे." तो अभ्रा माझ्या उशीला आला.

इंटर्नशिप संपली, मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला नोकरी लागली. निघताना त्यांनी माझी कॉलर तपासली. दोरा नव्हता, तरी कात्री फिरवली. बसमध्ये मला एकच काळजी होती, आता यांच्यासोबत कोण जाणार?

परवा रेखाचा फोन आला. ती अक्कांच्या शेजारच्या टेबलावर असते. मी पहिलं तेच विचारलं.

"अक्का? अरे, तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं सगळ्यांच्या आधी गेटवर असत्यात. सिग्नलला हात दाखवून लॉरी थांबवत्यात आणि सरळ उजवीकडं!"

"मग त्यांची भीती?"

"तेच मी विचारलं. म्हणाल्या, मला कसलं भ्या? त्या पोराचं चाक थरथरत होतं. त्याच्या आईला शब्द दिलेला, सोबत नेईन, सोबत आणीन." मग रेखाचा आवाज खाली गेला. "आणि हे दत्ताला सांगू नकोस म्हणाल्यात हं."