मोहोर करपला त्या वर्षी

"स्वतःची कूस उजवत नाही, आता झाडांनाही फळ धरू देणार नाही," आत्या विहिरीपाशी शेजारच्या काकूंना म्हणाली.

मी सुरंगीच्या झाडाआड होते. परडीत मूठभर कळ्या. सुरंगीच्या कळ्या फांदीलाच चिकटून येतात, ऊन चढायच्या आत काढाव्या लागतात, म्हणून वहिनीने मला लवकर उठवलं होतं. बोलणं तिच्याबद्दलच चाललं होतं.

माघ सरत आला होता. शेवग्याची पांढरी फुलं विहिरीत पडत होती, कुंपणाची जास्वंद लाल झाली होती, तुळशीपाशी अबोली होती. फक्त हापूसचा मोहोर काळा पडला होता. चार दिवस मळभ, सकाळी धुकं, आणि उरलंसुरलं तुडतुड्यांनी संपवलं. झाडाखालून गेलं की केसांत भुकटी पडे.

मळभाचं कारण घरात कुणाला पुरलं नाही. मळभ येण्याच्या आदल्या दिवशी आत्या देवासाठी जास्वंद तोडायला गेली, तेव्हा तिला कुंपणावर पानांआड वाळत घातलेला पाळीचा कपडा सापडला होता. पाळीत बाईने चार दिवस मागच्या पडवीत बसायचं, फुलत्या झाडाला शिवायचं नाही, झाड जळतं, असं आमच्याकडे मानत. घरात तशा वयाच्या आम्ही दोघीच. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून शेवटची परीक्षा देऊन आलेली, फारशी न बोलणारी. वहिनी लग्नाला चार वर्षं होऊन मूल नसलेली. आत्याने मला विचारलंसुद्धा नाही.

कपडा माझा होता.

वसतिगृहात कुणी बाजूला बसत नसे. इथे पडवीत बसायचं म्हणजे गड्यापासून वडिलांपर्यंत सगळ्यांना कळणार. मी सांगितलंच नाही. रोज वाडीत फिरले, अबोली काढली, आंब्याच्या बुंध्याला टेकून पुस्तक वाचलं. मोहोर कशाने करपतो हे मला शाळेत शिकवलं होतं, पण ते सगळं इंग्रजीत. आत्यापुढे ते मराठीत मांडायला मला शब्द सुचत नव्हते, आणि सुचले असते तरी कपड्याचं काय सांगणार होते?

वहिनी पहिल्यांदा "मी नव्हे, आत्याबाई" म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. संध्याकाळी न्हाणीघरापाशी तिने मला गाठलं.

"वन्सं, तुम्ही काही बोलू नका हं. तुमचं लग्न व्हायचंय. मला काय, चार बोल जास्त."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला अजून जड जातं.

पण ते चार बोलांवर थांबलं नाही. आत्याने मुंबईला नोकरीवर असलेल्या माझ्या दादाला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं, तुम्ही कराल ते खरं. मग वहिनीच्या माहेरी, तळा गावी, तिच्या वडिलांना निरोप गेला.

ते दुपारच्या एस.टी.ने आले. ओटीवर कडेला बसले, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"पोरीचं चुकलं असेल, पदरात घ्या," ते हात जोडून म्हणाले. "लहान आहे."

"लहान?" आत्या म्हणाली. "तिच्या वयाला मी या घराचं सगळं बघत होते. घेऊन जा थोडे दिवस. वाडी सावरली की कळवू."

वाडी सावरायला वर्ष लागणार होतं. कळवणार कुणीच नव्हतं, हे त्यांनाही समजलं असावं, कारण कधी कळवाल हे त्यांनी विचारलं नाही. माझे वडील वर्तमानपत्राचं तेच पान धरून बसले होते.

वहिनी ट्रंक घेऊन बाहेर आली. आत्याच्या पाया पडली, आत्याने पाय मागे घेतले. मी माजघराच्या दाराशी चौकट धरून उभी होते. वहिनीने माझ्याकडे बघून मान जराशी हलवली, नको म्हणून. तिचे वडील ट्रंक उचलायला वाकले. कडी त्यांच्या हातून दोनदा सुटली.

पुरुषांसमोर असला शब्द मी कधी काढला नव्हता. वर्तमानपत्र खाली येताना दिसलं, तरी मी थांबले नाही.

"आत्या, जास्वंदीवरचा तो कपडा माझा होता. पाळी मला आली होती. वहिनीला नाही."