अर्ध्या विहिरीवरची मारामारी

मैदानावर चुन्याची फक्की मारली की तिच्या वासात मला अजून रक्ताचा वास येतो. जळगावच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून मोजणीवाल्यांनी आमच्या केळीतून चुन्याची रेघ ओढली, ती नेमकी बांधावरच्या विहिरीच्या मधोमध गेली. विहीर काकांची आणि त्यांच्या चुलत भावाची सामाईक. एक दिवस पाणी याचं, एक दिवस त्याचं. पाणी तुटलं तर दोन्ही बागा आडव्या होणार. "तुनी अर्धी गई रस्तामा, मनी राहिनी शे!" काका गरजले; म्हणजे रस्त्यात गेलेली अर्धी त्याची, उरलेली काकांची. "तुनीच गई, भाऊ!" म्हणत चुलतभावानं फावड्याचा दांडा असा हाणला की काकांचा दात उडून थेट धावपट्टीवर पडला असावा. काकांनी मोजणीची तिपाईच त्याच्या पाठीत घातली. झोंबाझोंबीत चुन्याची गोणी फुटली, आणि दोघं पांढरीफेक भुतं होऊन लाल ओघळांसकट एकमेकांचे गळे आवळू लागले. बोरीवर चढून बसलेले मोजणीसाहेब तिथूनच किंचाळले, "अहो, अर्धी विहीर कोण ठेवतं? सगळीच बुजवणार आहोत!" हात सुटले. मग चुलतभाऊ डोळा धरून खाली बसला. डोळ्यात चुना गेला होता. काका विहिरीतून बादल्यांवर बादल्या ओढून त्यावर ओतत राहिले, "उघड ना रे, उघड" म्हणत. डोळा गेला तो गेलाच. आता विमान पकडायला मी त्याच रस्त्यानं सुसाट जातो, पण विहीर बुजवली तेवढ्या जागी गाडी हळू करतो.