चामड्यात मुरलेलं ॲनिलीन

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस असलेल्या माणसाला मुलं ‘हातमोजेमामा’ म्हणत. हातमोजे न घालता कुणी ॲनिलीनच्या बाटलीकडे नुसता हात नेला तरी ते खेकसायचे. शिक्षिका मी, पण रंग बनवण्याच्या प्रयोगाच्या दिवशी वर्ग त्यांचाच असायचा. ताजं ॲनिलीन बिनरंगी, तेलकट; हवा लागली की तपकिरी होतं, हे मी शिकवायचे. ते कातडीतून गुपचूप आत शिरतं, रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही आणि आधी ओठ निळे पडतात, हे मामा शिकवायचे.

“अंगावर सांडलं तर साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. चामड्यावर सांडलं तर धूत बसू नका. चामडं ते पिऊन बसतं. पट्टा असो, बूट असो, सरळ टाकायचं!”

बायको गेल्यावर एकुलत्या एका लेकीला त्यांनी एकट्याने वाढवलं. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने चामड्याचे बूट पाठवले. त्या दिवशी स्वारी सारखी पाय पुढे करून बसत होती. “मामा, पायांचं प्रदर्शन भरवलंय का?” मी चिडवलं. ते लाजले.

एका मंगळवारी ओतताना मामांच्या हातून बाटली निसटली आणि उजव्या बुटात ॲनिलीन गेलं. पाय त्यांनी लगेच धुतला.

“बूट टाका,” मी बजावलं.

“टाकतो की, बाई.”

मी विश्वास ठेवला. तिथेच माझं चुकलं.

बुधवारी दुपारी ते हसतच आले. “डोकं जरा जड झालंय, बाकी काही नाही.” ओठ निळे पडले होते. मी खाली पाहिलं. तेच बूट, धुऊन, वाळवून, पॉलिश केलेले. मला इतका संताप आला, की ओरडत ओरडतच हातमोजे चढवले आणि ते बूट ओढून काढले.

“लेकीने दिलेत हो,” एवढंच म्हणाले.

दवाखान्यात उतारा दिला, पण हृदय आधीपासूनच अधू होतं. गुरुवारी सकाळी मामा गेले.

आठवड्याने लेक प्रयोगशाळेत आली. “मॅडम, बाबांना नक्की काय झालं?”

जन्मभर मुलांना खरं तेच सांगत आले होते. तिच्याकडे पाहून जीभ रेटेना. “हृदय कमजोर होतं गं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “मी रोज फोनवर विचारायचे, बूट घालता ना? कपाटात ठेवाल तर बघा, असा दम द्यायचे.” डोळे पुसून तिने दोन्ही हात पुढे केले. “ते बूट तेवढे द्या. मला घरी ठेवायचेत.”

बूट घट्ट बांधलेल्या पिशवीत, विषारी कचऱ्याच्या डब्यात होते. ते देता येणार नव्हते, आणि का, हे सांगितल्याशिवाय ती हलणार नव्हती.

मी सांगितलं. सगळं. तिचे हात तसेच पुढे राहिले, आणि ते धरायचं मला धाडस झालं नाही.