बुडावरचे तीन ठसे

कोपनहेगनच्या त्या लिलावघरात चिनी मातीच्या भांड्यांची पारख करावी ती मेरेटे स्कोव्हबोनंच. भांडं हातात आलं की ती आधी ते पालथं करायची. तोंड सगळेच सजवतात, खरं काय ते बूड सांगतं, असं तिचं म्हणणं. शिक्का, सही, बुडाची कड कशी तासली आहे, उजेडासमोर धरल्यावर मातीतून किती प्रकाश येतो, एवढ्यावरून ती कारागीर आणि साल सांगायची. किंमतही सहसा चुकत नसे.

एका नावापाशी मात्र तिचं डोकं फिरायचं. सोल्वाय ब्रेनुम. सोल्वायचं भांडं आलं की मेरेटे किंमत रास्तच लावायची, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"आली तुझी सवत," विभागातला पाले चिडवायचा.

"सवत परवडली. तिचं नाव दर महिन्याला पेपरात तरी येत नाही."

दुखणं जुनं होतं. चाळीस वर्षांपूर्वी दोघी बोर्नहोम बेटावर एकाच मास्तरांकडे शिकायला होत्या. माती एक, झिलईची बादली एक, भट्टीही एकच. त्या हिवाळ्यात सराव म्हणून प्रत्येकीनं एकाच मापाची वीस वाडगी केली. सरावाच्या मालावर सही करायची नाही, हा मास्तरांचा नियम. भट्टी उघडली, तेव्हा सोल्वायच्या फळीवर एक वाडगं निघालं. फिकट निळं, कड इतकी पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. मास्तरांनी ते आपल्याकडंच ठेवून घेतलं. सोल्वाय लाजली. आणि मेरेटेनं मत्सरापायी त्या वाडग्याला हातसुद्धा लावला नाही. आपल्याच्यानं जन्मात असं होणे नाही, हे तिनं तिथंच ठरवलं, वसंतात चाक विकलं आणि दुसऱ्यांच्या भांड्यांना किमती लावायला लागली.

या जानेवारीत तेच वाडगं तिच्या टेबलावर आलं. मास्तर वारले होते, त्यांच्या मुलीनं ते पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी, 'सोल्वाय ब्रेनुम, सुरुवातीचं काम.' पालेनं सत्तर हजार क्रोनर मनात धरूनही टाकले. सही नव्हती, म्हणून खात्री करायला खुद्द सोल्वायला दुपारी बोलावलं.

मेरेटेनं राय धान्याचा पाव आणि हेरिंग माशांचा डबा बाजूला सारला आणि सवयीनं वाडगं पालथं केलं. झिलईत बुडवताना वाडगं बुडाशी तीन बोटांनी धरतात, आणि बोटांखाली झिलई बसत नाही. ते ठिपके नंतर कुंचल्यानं बुजवायचे असतात, पण सरावाच्या मालाचे कोण बुजवतो? इथं तिन्ही ठसे उघडे होते. मधला तिरका होता.

मेरेटेनं आपला डावा हात पुढं केला. लहानपणी दारात चेंगरून तिचं मधलं बोट वाकडं झालं होतं. भट्टीत माती आकसते, म्हणून ठसे बोटांपेक्षा जरा लहान होते, पण तिरकेपणा तोच. मास्तर भट्टी लावताना जागा भरायला कुणाचंही वाडगं कुणाच्याही फळीवर खुपसायचे, हेही तिला आता आठवलं.

जग म्हणतं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. या बाईनं आपल्याच बाब्याचा चाळीस वर्षं मत्सर केला! मला तिची दया येत नाही, रागच येतो. दुसऱ्यांची हजारो भांडी उलटीसुलटी केलीस, हे एक त्याच दिवशी उचलून पाहायला काय झालं होतं?

गप्प बसावं, असं तिला वाटलं. बोललं तर वाडगं चारशे क्रोनरचं आणि आपण मूर्ख. न बोललं तर हेही सोल्वायच्याच पदरात.

सोल्वाय आली. कोटसुद्धा न काढता तिनं वाडगं दोन्ही हातांत घेतलं.

"हेच गं ते! अशी कड मला पुन्हा कधी जमली नाही. चाळीस वर्षं हिच्यामागं धावतेय. माझाच मला हेवा वाटतो बघ."

एवढं ऐकल्यावर गप्प राहणं मेरेटेच्या जिवावर आलं. "तुझा कसला हेवा? ते माझं आहे."

"काहीतरीच काय!"

"पालथं कर."

सोल्वायनं आपली बोटं ठशांवर ठेवून पाहिली. उजव्या हाताची, मग डाव्या. बसेनात. मग तिनं मेरेटेचा डावा हात ओढून घेतला आणि ते वाकडं बोट मधल्या ठशावर टेकवलं. पाले कॉफीचं निमित्त काढून बाहेर सटकला.

"तुझंच आहे," सोल्वाय शेवटी म्हणाली. "अगं मेले, तेविसाव्या वर्षी तुला हे येत होतं?"

तिचा आवाज जळत होता. तो ऐकून मेरेटेला आयुष्यात पहिल्यांदा गारगार वाटलं, अगदी पोटातून.

"मग सोडलंस का?" सोल्वायनं विचारलं.

"हे वाडगं बघून," मेरेटे म्हणाली.