शायर आप्पांचा अर्धा शेर

कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि ओठांवर उर्दू गझल, असा किराणा दुकानदार उदगीरच्या बाजारात एकच होता. बायकोशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, कविता मात्र उर्दूत. ती भाषा लहानपणी शेजारच्या मौलवींनी शिकवली, ती कायमची चिकटली. मी त्याच गल्लीतला शाळामास्तर. "आप्पा, हीच भाषा का निवडली?" असं एकदा विचारलं, तर डाळ तोलता तोलता म्हणाले, "म्या कुठं निवडली? तीच येऊन बसली दुकानात. आता हाकलू व्हय तिला?"

हैदराबादेत त्यांचं पुस्तक निघालं. नांदेडच्या मुशायऱ्यात त्यांना मानाची जागा असे. घरात मात्र कुणालाच ते पुस्तक वाचता येत नव्हतं. काकू ते देवघरात ठेवून रोज विभूती लावायच्या. आप्पा हे हसत सांगत. मला ऐकून वाईट वाटायचं.

मग बाजारातली हवा पालटली. काही तरुण दुकानात आले, आप्पांच्या पाया पडले, चहा प्याले आणि जाताना म्हणाले, "आप्पा, औंदा गावच्या मुशायऱ्यात मराठीतच म्हणा. लोकं लई तापून राहिलेत." ठरलेली गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. एका सकाळी आप्पांच्या शटरला काळं फासलेलं दिसलं. मुलाने हात जोडले, "नका जाऊ मुशायऱ्याला." आप्पांनी शेरवानी इस्त्रीला टाकली.

मुशायऱ्यात शायर पहिली ओळ म्हणून थांबतो. श्रोते ती उचलून परत म्हणतात, मगच तो दुसरी देतो. त्या संध्याकाळी आप्पांनी ओळ टाकली, "घर मेरा भी इसी बस्ती में था, पूछो तो सही." आणि थांबले. कुणी बोलेना. एरवी वाहवा करणारी माणसं खाली मान घालून बसली होती, कारण मागे भिंतीला टेकून ते तरुण कोण तोंड उघडतं ते बघत होते. मला राहवलं नाही. मी उभा राहून ओळ म्हटली. लगेच मागून दोन-चार मोबाइल माझ्यावर रोखले गेले.

"बसा खाली, मास्तर," आप्पा म्हणाले. "लेकरंबाळं हायेत तुम्हाला." आणि शेर तसाच अर्धा सोडून ते मंचावरून उतरले.

परतताना मी दुसरी ओळ विचारली. "न्हाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही, आणि वर्षाच्या आत गेले.

मातीला सगळा बाजार आला. ते तरुणही मोठा हार घेऊन आले. त्यातला एक माझ्या शेजारी उभा राहिला, हातातला मोबाइल माझ्याकडे वळवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मास्तर, ती दुसरी ओळ तुम्हाला येती का हो?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. आप्पांनी मला ती का सांगितली नाही, ते तेव्हा कळलं.